देठाकडची चकती

माझी सून माझ्या मागून चव घेते. म्हणजे असं, की मी भाजी उतरवली, झाकण ठेवलं, हात पुसले, की त्या भाजीबद्दल जे काही बोलायचं ते बोलून झालं असं आमच्यात असतं. आणि ही कामावरून येते, पर्स खुर्चीला अडकवते, चपला काढल्या न काढल्या तोच ओट्यापाशी जाऊन झाकण उचलते, चमच्याच्या टोकावर एवढंसं घेते, जिभेवर ठेवते आणि डोळे मिटते. डोळे मिटते हे विशेष. मी खिडकीजवळच्या खुर्चीतून बघत असते. बघते आहे हे तिला ठाऊक असतं. मग ती मिठाच्या बरणीकडे हात नेते, कधी नेत नाही, आणि नेला नाही तरी मला तो नेल्यासारखाच दिसतो. माझ्या सासूनं माझा जीव नको नको केला, पण मी केलेल्या भाजीत मागाहून चमचा कधी घातला नाही. ताटात वाढल्यावर नावं ठेवली, ती तोंडावर ठेवली. ह्याला रीत म्हणतात. मी चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यात रीत हा एकच विषय पक्का झाला. परवा तर ती चमचा तोंडात धरून वळली आणि म्हणाली, "आई, आज मीठ..." आणि थांबली. पुढचा शब्द तिनं गिळला. जास्त की कमी, काहीच कळलं नाही, आणि मला विचारताही येईना, कारण विचारलं असतं तर मला माहीत नाही हे तिला कळलं असतं. म्हणून मी म्हटलं, "आहे ते बरोबर आहे." ती म्हणाली, "हो." तो 'हो' अजून घरात फिरतो आहे. कपाट उघडलं की सापडतो.

खरी गोष्ट अशी की गेल्या थंडीत मला ताप आला, तो गेला, आणि जाताना माझी चव घेऊन गेला. पहिल्या दिवशी मुलानं चहा आणून दिला, मी घोट घेतला, तर तोंडात नुसतं गरम. चहा नव्हताच. साखर घातली, आणखी घातली, गरमच. मला वाटलं, हा पाणी उकळून घेऊन आला, पुरुषाच्या जातीला चहा कसला जमतोय. मी तसं बोललेही. तो बिचारा लिफ्टच्या दुरुस्तीची कामं करतो, दिवसभर उंच इमारतींच्या पोटात लोंबकळतो, घरी आल्यावर त्याला कुणी काही बोललं तरी ते खालच्या मजल्यावर चाललंय असं त्याला वाटतं. तो हसला. मग जेवताना भात कापसासारखा लागला, लोणचं ओल्या कागदासारखं, आणि मला समजलं. तोंडात राहणारं माणूस सामान घेऊन निघून गेलं होतं, भिंतींवर नुसत्या खिळ्यांच्या खुणा. म्हटलं, येईल परत. माहेरी गेलेली बाईदेखील परत येते. थंडी संपली, पंखे लागले, कुणी आलं नाही. मी कुणाला सांगितलं नाही. सांगून काय होतं? औषध होतं आणि दया होते, आणि दया सुरू झाली की पहिल्यांदा हातातला चमचा जातो. "आई, तुम्ही बसा." बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. आमच्या जिन्यावरच्या एका म्हातारीला तिच्या मुलींनी असंच प्रेमानं बसवलं. आता ती वाटाणे सोलते आणि तेही नंतर कुणीतरी परत निवडतं.

तेव्हा मी स्वयंपाक करत राहिले. तळहाताला माप ठाऊक असतं. तेल तापलं की त्याचा पृष्ठभाग थरथरतो, जिरं पडलं की आवाज बारीक होतो, कांद्याचा रंग सांगतो, वाफ सांगते. मीठ बोटांनी घालायचं आणि मग जेवताना मुलाच्या भुवयांकडे बघायचं. पहिल्या घासाला त्याच्या भुवया जिथे होत्या तिथेच राहिल्या तर जमलं. असे कित्येक महिने मी माझ्या मुलाच्या कपाळावर स्वयंपाक केला. आणि हे सगळं ठीक चाललं असतं, पण सुनेला कपाळ नाही. म्हणजे आहे, पण त्यावर काही दिसत नाही. ती एका कचेरीत बसून लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकते. दिवसभर शिव्या खाऊन 'आपली अडचण मी समजू शकते' म्हणायचं, असलं काम. त्यामुळे तिचा चेहरा इस्त्री केल्यासारखा. त्या चेहऱ्यावर मीठ मोजता येत नाही.

त्याच सुमारास तिनं गॅलरीत भाजी लावायला घेतली. कुणी डोक्यात घातलं देव जाणे. दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं आत यावं एवढी आमची गॅलरी, कठड्यावर कपडे वाळायचे, कोपऱ्यात मुलाच्या कामाचे तुटके पाने आणि साखळ्या. तिथे रंगाचे रिकामे डबे आले, फुटकी बादली आली, माझी जुनी कणकेची परात आली, तीसुद्धा न विचारता, बुडाला भोकं पाडून. माझा भाजीशी संबंध पिशवीपासून पुढचा. मी गल्लीत वाढलेली, झाडाला लागलेली भेंडी मी पहिल्यांदा चित्रात पाहिली. त्यामुळे मी काही शिकवायला गेले नाही. नुसतं बघितलं आणि बोलले. पहिल्यांदा तिनं मेथी पेरली, ती पेरली म्हणजे काय, डब्यात मूठभर ओतली. चिक्कार उगवली, गर्दीनं एकमेकींच्या अंगावर पडली आणि वरून हिनं इतकं पाणी घातलं की सगळी पोरं बुडून मेली. मग धने. ते अख्खे पुरले, महिनाभर रोज वाकून बघायची, मातीला विचारायची. मी म्हटलं, "अगं, पैसे पुरलेस का तिथे?" मग टोमॅटो. त्याची पानं लहान मुलाच्या मुठीसारखी वळली आणि उघडलीच नाहीत. एक मिरची मात्र आली. एकच. ती तिनं तीन तुकडे करून तिघांच्या ताटात वाढली, आणि माझा मुलगा डोळे पुसत म्हणाला, "जहाल आहे गं!" मी माझा तुकडा शांतपणे चावून खाल्ला. दोघं माझ्याकडे बघत राहिली. "आईचा काही नेम नाही," तो म्हणाला. सुनेनं पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. तिनं तेव्हाच कुठेतरी ते टिपून ठेवलं असावं. तक्रारी ऐकणाऱ्या माणसांना न केलेल्या तक्रारीही ऐकू येतात.

दुधी सगळ्यात शेवटी लावला. फुटक्या बादलीत. हा मात्र जगला, आणि जगला तो असा की पाहुणा म्हणून आला आणि घर स्वतःच्या नावावर करून बसला. कठडा धरला, कपड्यांची दोरी धरली, वरच्या मजल्याच्या गजाला हात घातला. संध्याकाळी त्याला पांढरी फुलं यायची, कागद चुरगळून उलगडावा तशी, आणि सकाळी खाली गळून पडलेली असायची. हिला वाटलं, रोग. मग फोनवर कुठेतरी वाचलं, की नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी, त्यांची गाठ पडायला हवी. तेव्हापासून ही कामावरून आली की रंगाचा बारीक ब्रश घेऊन ह्या फुलातली पूड त्या फुलाला लावायची. मी म्हटलं, "आमच्या लग्नात एवढी काळजी कुणी घेतली नव्हती." ती खुदकन हसली. हसली की ती अगदी वेगळी दिसते, हे मी कुणाला सांगत नाही. आणि एके दिवशी एका फुलामागे बोटाएवढं लवदार, हिरवं काहीतरी दिसलं आणि ते गळलं नाही. तिनं त्याला जुन्या ओढणीची झोळी बांधली. कुणीही आलं की आधी गॅलरीत नेऊन झोळी दाखवायची. मध्ये आम्ही सगळे माझ्या मुलीकडे तिच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला गेलो, जाताना हिनं बाटलीला भोक पाडून ती बादलीत उलटी खुपसली, म्हणजे पाणी थेंबथेंब मिळेल. परत आलो तर बाटली भरलेली, भोक मातीनं बुजलेलं, आणि वेल दोरीवर वाळत घातलेल्या फडक्यासारखा लोंबतोय. ती चपला न काढता आत धावली. आठवडाभर ती त्याच्याशी, मी तापात असताना माझ्याशी बोलायची त्या आवाजात, हळू बोलत होती. वेल उठला. दुधी मात्र त्यानंतर फारसा वाढला नाही, होता तेवढाच राहिला, आखडून.

आणि आज सकाळी तिनं तो तोडला. कामाला निघायच्या आधी, कात्रीनं, देठाला दोन बोटं ठेवून. दोन्ही हातांत धरून आत आली आणि माझ्या मांडीवरच ठेवला. थंड होता. अंगावर बारीक लव, ती तळहाताला लागली. मला वाटलं होतं ही स्वतः करील. हिनं पिकवलेला, हिचा हक्क. नावं ठेवायला मी तोंडही तयार ठेवलं होतं.

ती म्हणाली, "आई, तुम्ही करा."

"का? मी का? तुझं बाळ, तू बघ."

"माझ्या हातून बिघडेल. एकच आहे. तुमच्या हातचा होऊ दे."

"बिघडवायला काय अक्कल लागते? तेल, जिरं, मीठ."

"तेच तर," ती म्हणाली, आणि पर्स उचलून गेली. 'तेच तर' म्हणजे काय, ह्याचा मी दुपारपर्यंत विचार करत होते.

दुधी करायचा म्हणजे आधी चाखायचा. हे कुणी शिकवत नाही, ते हाताला येतं. देठाकडची एक पातळ चकती कापायची, साल न काढता, जिभेवर ठेवून चावायची. पाणचट, किंचित गोडसर लागली तर बरं. कडू लागली तर अख्खा दुधी कचऱ्यात, कारण कडू दुधी काकडीसारखा नुसता तोंड वाकडं करून सोडत नाही, तो आतून पिळतो, त्यानं माणसं आडवी होतात. लहानपणी आमच्या गल्लीत मला 'चाखणी' म्हणायचे. आई कामाला जायची, माझी शाळा चौथीतच संपली होती, आणि शेजारच्या बायका दुधी चिरायला घेतला की हाक मारायच्या, "ए चाखणी, इकडे ये गं." मी ऐटीत जायची. फ्रॉकला हात पुसायची. चकती जिभेवर ठेवायची आणि मुद्दाम जरा वेळ लावायची, कारण तेवढा वेळ एक मोठी बाई विळीवरचा हात थांबवून माझ्या तोंडाकडे बघत बसलेली असायची. मग मी म्हणायची, "चालेल." त्या 'चालेल'वर चुली पेटायच्या. त्यानंतर आयुष्यात मला पुष्कळ काही मिळालं, पण माझ्या एका शब्दासाठी कुणी तसं थांबलं नाही.

मी चकती कापली. खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. समोरच्या इमारतीत एक माणूस काचा पुसत होता. चावली. कचकच ऐकू आली, रस सुटला तो कळला, थंड, ओला. आणखी काही नाही. दुसरी कापली, ती जिभेच्या मागे नेली, जिथे कडू बसतं. घसा जरासा आवळल्यासारखा वाटला, का मला वाटावं असं वाटत होतं म्हणून वाटला? भिंत चाटावी तसं. समोरचा माणूस काच पुसून पुढच्या खिडकीला गेला. मी शेजारीण गाठू शकले असते. "जरा चाखून बघ गं." पण आमच्या शेजारणीला सांगितलेली गोष्ट जिना उतरायच्या आधी खाली पोचते. सून येईपर्यंत थांबू शकले असते, म्हणजे आपणहून तिच्या हातात चमचा देऊ शकले असते. किंवा दुधी टाकून देऊन म्हणू शकले असते की कडू निघाला. हे मला सुचलं, खोटं कशाला बोलू. पण ती झोळी बांधून बसलेली बाई; तिचा चांगला दुधी मी कडू म्हणून टाकला असता तर? आणि मग मला ते सुचलं, इतकं साधं की मला हसू आलं. तोंडाला कळत नाही तर पोटाला कळेल. आपण आधी खायचं, वाटीभर, दुपारी. संध्याकाळपर्यंत बरी राहिले तर दुधी गोड. घरात सगळ्यांच्या आधी मी चाखते, तेवढीच रीत. नुसती जागा बदलली.

तेव्हा मी भाजी केली. मन लावून केली. फोडी सारख्या चिरल्या, तेल थरथरलं, जिरं बारीक बोललं, वाफेवर मऊ झाली, रंग धुतलेल्या काचेसारखा झाला. दिसायला इतकी देखणी भाजी मी पुष्कळ दिवसांत केली नव्हती. वाटीत घेतली, खुर्चीत बसले आणि संपवली. वाटी धुऊन पालथी घातली. मग बसून राहिले. असं बसणं विचित्र असतं. आपण आपल्याच शरीराच्या दारात, आतून कुणी हाक मारतंय का ऐकत. भीती वाटली नाही. दुसऱ्या कुणाची तरी बातमी यायची आहे, असं वाटत होतं. गॅलरीत वेलाची कापलेली जागा ओली दिसत होती. सासरे गेले त्या दुपारी आम्ही सगळ्या अशाच बसलो होतो, आतल्या खोलीतून आवाज येतोय का ऐकत, आणि सासूबाई मध्येच म्हणाल्या होत्या, "कुकर लावा, माणसं जेवतील." तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आज वाटलं, त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि जे येत होतं ते त्यांनी सोडलं नाही. बराच वेळ गेला. काही झालं नाही. मी स्वतःशी म्हटलं, चालेल.

आणि मग आतून पीळ आला. फडकं पिळावं तसा, एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला कुणीतरी. मी उठले ते भाजी टाकून द्यायला, पण ओटा दूर आणि मोरी जवळ होती. पुढचं सांगण्यासारखं नाही. नळाची तोटी धरून मी खाली बसले होते, फरशी गार होती आणि ती बरी वाटत होती. तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली. पर्स खुर्चीला अडकल्याचा आवाज आला. चपलांचा. मला माहीत होतं आता काय होणार. मी होता तेवढा जीव आवाजात आणून ओरडले, "हात लावू नकोस त्या भाजीला!"

पण हे मी रोजच ओरडते. तोंडानं नाही तर निदान नजरेनं. झाकण वाजलं. चमचा वाजला. मग ती थुंकली, भांडी घासायच्या जागी, पाणी सोडून पुन्हापुन्हा थुंकली. आणि मग मोरीच्या दारात उभी राहिली, ओठ ओले, इस्त्री मोडलेली.

"आई, खाल्लंत तुम्ही?"

"वाटीभर."

"अहो, विष आहे ते! जीभ भाजल्यासारखी झाली माझी. एवढं कडू तुम्हाला..." आणि ती थांबली. परवासारखी. पण ह्या वेळी शब्द गिळला नाही, तो तिच्या डोळ्यांत वर आला आणि मला दिसला. "कधीपासून?" तिनं विचारलं.

"पाणी दे," मी म्हटलं.

दवाखान्याकडे जाताना गाडीत तिनं माझं डोकं खांद्यावर घेतलं होतं, मी ते दोनदा काढून घेतलं आणि तिसऱ्यांदा राहू दिलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम करता. माझ्यावरचा राग मिठात काढता. म्हणून मी आधी चाखून नीट करून घ्यायचे, ह्यांना कळू नये म्हणून." मला दुखत होतं तरी त्यात बरं वाटलं. दुष्ट म्हणवून घेणं मला परवडतं. दुष्टपणाला सगळं लागतं: नजर, हात, जीभ. काही कमी पडलेलं माणूस दुष्ट नसतं, ते बिचारं असतं.

दवाखान्यात मला आडवं केलं, हातात सुई घातली, वर बाटली टांगली. डॉक्टरीण तरुण होती, घाईत होती, पण चांगली होती. म्हणाली वेळेवर आणलंत, ओकून गेलं ते बरं झालं, एक रात्र ठेवू. मुलगा परस्पर कामावरून आला, अंगावर वंगणाचे डाग, हातात अजून पाना. डॉक्टरणीनं विचारलं, "एवढा कडू दुधी शिजवला कुणी? आधी चाखून नाही बघितला?"

मी छताकडे बघत होते. तिथे एक पंखा होता आणि तो एका बाजूला झुकून फिरत होता. सून म्हणाली, "भाजी मी केली. मी नवीन आहे यात. मला कळलं नाही."

इतक्या सहज म्हणाली, जणू कुणाची तरी तक्रार नोंदवून घेत होती. मुलानं तिच्याकडे पाहिलं. तो कधी आवाज चढवत नाही, आज चढवला. "किती वेळा सांगितलं तुला, आईला करू देत जा! आईनं नुसती एक चकती चाखली असती तर..." आणि ती मान खाली घालून उभी. डॉक्टरीण कागदावर काहीतरी खरडत होती. बाटलीतून थेंब पडत होते. मी ते बघत राहिले. काही बोलायची गरज नव्हती. उद्या घरी जायचं, ओटा माझा, चमचा माझा, आणि ही आयुष्यभर सासूला कडू दुधी घालणारी सून. गप्प राहायला काही लागत नाही. मी गप्प राहूनही पाहिलं, दोन-तीन थेंब पडेपर्यंत. आणि मग आतून जे उसळलं ते पोटातलं नव्हतं. माझी भाजी. त्या फोडी मी सारख्या चिरल्या होत्या, तो रंग मी आणला होता, ते पातेलं माझ्या हातून उतरलं होतं, आणि ही सरळ म्हणते, मी केली.

"ए," मी म्हटलं. आवाज फाटका आला, पण तिघंही वळले. "मान वर कर. भाजी मी केली. चकती मी चाखली, दोन चाखल्या, आणि मला काही कळलं नाही, कारण त्या तापापासून मला काही कळतच नाही, ना मीठ, ना साखर, ना तुझी ती मिरची. ह्याला ऐकू दे आणि ह्या बाईंना लिहून घेऊ दे. पण तू नीट ऐक. माझ्यासाठी खोटं बोललीस, ते मला चालणार नाही. तू पिकवलास तो नुसता दुधी होता. भाजी माझी होती. कडू झाली, विष झाली, तरी माझीच, आणि ती मी कुणाच्या नावावर करून देणार नाही. तुझ्या तर नाहीच नाही."